विश्लेषण : योनीमार्गातील बुरशीसंसर्ग पुन:पुन्हा का होतो? एका गोळीने तो का थांबत नाही?

खाज, जळजळ आणि अंगावरून पांढरे जाणे. औषध दुकानातून एक गोळी आणली की चार दिवसांत आराम पडतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी सारे पुन्हा सुरू होते. अनेक स्त्रिया हे चक्र वर्षानुवर्षे निमूट सोसतात. त्याला ‘उष्णता’ म्हटले जाते, ‘अशक्तपणा’ म्हटले जाते, कधी स्वच्छतेवर तर कधी चारित्र्यावरही बोट ठेवले जाते. प्रत्यक्षात हा वैद्यकशास्त्राने नीट व्याख्या केलेला आजार आहे. त्याची तपासणी ठरलेली आहे, उपचारांचा कालावधीही ठरलेला आहे. मात्र तो एका गोळीचा नसून अनेक महिन्यांचा आहे, ही बाब बहुतेकींपर्यंत पोहोचतच नाही.

हा संसर्ग नेमका कशाचा?

‘यीस्ट इन्फेक्शन’ या नावाने ओळखला जाणारा हा संसर्ग कॅन्डिडा गटातील बुरशीमुळे होतो. त्यातील बहुतांश रुग्णांमध्ये कॅन्डिडा अल्बिकन्स ही प्रजाती आढळते. योनीमार्गात आणि बाहेरच्या भागात तीव्र खाज, लाली, सूज, लघवी करताना आग होणे, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे आणि फुटलेल्या दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव ही त्याची प्रमुख लक्षणे. काही वेळा त्वचेला बारीक चिराही पडतात. या स्रावाला सहसा दुर्गंधी नसते, हे लक्षात ठेवण्याजोगे.

हा आजार दुर्मीळ नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राच्या (सीडीसी) अंदाजानुसार सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो आणि ४० ते ४५ टक्के स्त्रियांना तो दोन किंवा अधिक वेळा होतो. म्हणजे एखाद्या वेळी तो होणे ही सर्वसामान्य बाब आहे. प्रश्न आहे तो थांबतच नाही तेव्हाचा.

‘वारंवार’ म्हणजे किती वेळा?

सीडीसीच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका वर्षाच्या आत लक्षणांसह तीन किंवा अधिक वेळा संसर्ग झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. पूर्वी हा आकडा चार होता. पाच टक्क्यांहून कमी स्त्रियांमध्ये अशी स्थिती उद्भवते. टक्केवारी लहान वाटली तरी संख्या लहान नाही. ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभरात दरवर्षी सुमारे १३ कोटी ८० लाख स्त्रिया या वारंवार होणाऱ्या संसर्गाने त्रस्त असतात, असा अंदाज मांडण्यात आला.

ही व्याख्या महत्त्वाची आहे, कारण उपचार तिच्यावर ठरतात. वर्षातून एकदा होणाऱ्या संसर्गाला जे औषध पुरते ते तीन-चारदा होणाऱ्या संसर्गाला पुरत नाही. त्यामुळे त्रास कोणत्या महिन्यात झाला, पाळीच्या किती दिवस आधी झाला, कोणते औषध घेतले आणि आराम किती दिवस टिकला, याची फोनवर केलेली साधी नोंदही डॉक्टरांच्या कामाची ठरते.

बुरशी आधीपासूनच शरीरात असते, मग त्रास केव्हा होतो?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कॅन्डिडा बाहेरून ‘लागतेच’ असे नाही. सुमारे १० ते २० टक्के स्त्रियांच्या योनीमार्गात ती कोणताही त्रास न देता वास्तव्य करत असते. अशा वेळी अहवालात बुरशी दिसली तरी लक्षणे नसतील, तर उपचारांची गरज नसते.

निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंचे प्राबल्य असते. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथले वातावरण आम्लधर्मी ठेवतात. या वातावरणात बुरशी, जिवाणू आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांच्यात एक तोल असतो. तो ढळला की बुरशीचे रूप पालटते. एरवी गोलसर पेशींच्या स्वरूपात असलेली कॅन्डिडा लांब तंतू सोडते आणि हे तंतू योनीमार्गाच्या अस्तरात शिरतात. २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे तंतू ‘कॅन्डिडालायसिन’ नावाचे विष सोडतात आणि त्यामुळे अस्तराच्या पेशींना इजा होते, हे दाखवून दिले. त्या इजेची खबर मिळताच प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. पण बुरशीचा नायनाट करण्याऐवजी दाह वाढवतात. खाज आणि आग यांचा मोठा भाग या दाहाचा असतो. त्यामुळेच बुरशी थोडी असूनही एखादीला प्रचंड त्रास होतो, तर दुसरीला काहीच जाणवत नाही.

तोल कशामुळे ढळतो?

सर्वाधिक परिचित कारण म्हणजे प्रतिजैविके. घसा, दात किंवा लघवीच्या संसर्गासाठी घेतलेली प्रतिजैविके उपयुक्त जिवाणूंनाही मारतात. बुरशीवर मात्र त्यांचा काही परिणाम होत नाही. रान मोकळे झाल्याप्रमाणे ती वाढते. सर्दीसारख्या विषाणूजन्य आजारांतही प्रतिजैविके घेण्याची सवय आपल्याकडे आहे. तिची किंमत अशी भलत्याच ठिकाणी मोजावी लागते.

दुसरे कारण संप्रेरकांचे. इस्ट्रोजेनमुळे योनीमार्गाच्या पेशींमध्ये ग्लायकोजेन साठते आणि ते वातावरण बुरशीला मानवते. म्हणूनच हा संसर्ग मुख्यत: पाळी सुरू झाल्यानंतर ते रजोनिवृत्तीपर्यंतच्या वयात दिसतो. गर्भारपणात तो वाढतो आणि अनेकींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्रास जाणवतो. उलट, लहान मुलींमध्ये तसेच संप्रेरकांची औषधे न घेणाऱ्या रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये तो तुलनेने कमी असतो. या वयोगटांत अशी तक्रार असेल, तर दुसरे कारण शोधावे लागते.

तिसरे कारण प्रतिकारशक्तीचे. दमा, संधिवात किंवा त्वचारोगासाठी दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे, एचआयव्ही संसर्ग यांमुळे बुरशीला वाव मिळतो. पोटात घेण्याच्या स्टिरॉइडबद्दल निदान डॉक्टर सांगतात तरी. पण जांघेतील खाजेसाठी दुकानातून आणलेल्या ‘मिक्स’ मलमात स्टिरॉइड असते, याची कल्पना अनेकींना नसते. अशा मलमाने दोन दिवस खाज दबते आणि दबलेल्या खाजेखाली बुरशी वाढत राहते.

मधुमेहाचा संबंध किती जवळचा?

भारतासाठी हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. अनियंत्रित साखर बुरशीला दुहेरी मदत करते. तिला खाद्य मिळते आणि शरीराची प्रतिकारशक्तीही मंदावते. पुन:पुन्हा होणारा बुरशीसंसर्ग हे काही स्त्रियांमध्ये निदान न झालेल्या मधुमेहाचे पहिले चिन्ह असते. त्यामुळे ‘खाज पुन्हा आली’ या तक्रारीवर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी या दोन तपासण्या करून घेणे हे चांगल्या वैद्यकीय सल्ल्याचे लक्षण मानावे.

याच्या पुढचा मुद्दा मधुमेहाच्या औषधाचा आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही ‘एसजीएलटी-२’ गटातील औषधे आज मोठ्या प्रमाणावर दिली जातात. हृदय आणि मूत्रपिंडासाठी ती उपकारक ठरली आहेत. भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपल्यावर त्यांचे स्वस्त पर्यायही बाजारात आले. ही औषधे रक्तातील साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. डॅपाग्लिफ्लोझिनमुळे दिवसाला सुमारे ७० ग्रॅम साखर अशी बाहेर पडते. त्यातील अंश बाहेरच्या त्वचेवर राहतो आणि बुरशीला आयतेच खाद्य मिळते. औषधाच्या चाचण्यांत १० मिलिग्रॅम डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या स्त्रियांपैकी ६.९ टक्के स्त्रियांना जननेंद्रियाचा बुरशीसंसर्ग झाला. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १.५ टक्के होते.

याचा अर्थ औषध परस्पर बंद करावे असा मुळीच नाही. लघवीनंतर पाण्याने धुऊन तो भाग कोरडा करणे यासारखी साधी काळजी घ्यावी आणि त्रास पुन:पुन्हा होत असेल, तर मधुमेहाच्या डॉक्टरांना तो स्पष्ट शब्दांत सांगावा. गोळी सुरू ठेवायची की बदलायची, हे ते ठरवू शकतात. अडचण अशी की साखरेचे डॉक्टर खाजेबद्दल विचारत नाहीत आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना साखरेच्या गोळीचे नाव सांगितले जात नाही. दोन चिठ्ठ्या एकाच पिशवीत असतात. त्या एकत्र वाचणारे कोणी नसते.

कारण सापडलेच नाही तर?

तसेही होते, आणि बहुतेक वेळा होते. वारंवार संसर्ग होणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना मधुमेह नसतो, प्रतिकारशक्तीचा आजार नसतो, त्या प्रतिजैविकेही घेत नसतात. अशा स्त्रियांचे शरीर बुरशीच्या अल्प प्रमाणालाही तीव्र प्रतिसाद देते, असे संशोधक मानतात. काहींमध्ये यामागे आनुवंशिक कारण असते. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका डच कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या कुटुंबातील स्त्रियांना योनीमार्गातील किंवा नखांतील बुरशीसंसर्गाचा वारंवार त्रास होता. बुरशी ओळखणाऱ्या ‘डेक्टिन-१’ या प्रथिनाच्या जनुकातील दोष त्याला कारणीभूत असल्याचे त्यात आढळले.

‘तू स्वच्छता ठेवत नाहीस’ हा शेरा ऐकून खचलेल्या स्त्रीसाठी ही माहिती मोलाची आहे. बहुतेकदा चूक स्वच्छतेची नसते. उलट, दिवसातून तीन-तीनदा साबण लावून केलेली ‘अति स्वच्छता’ त्वचेचे नुकसान करते.

दर वेळी बुरशीच असते का?

नाही, आणि फसगत इथेच होते. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बुरशीसंसर्ग झाल्याचे स्वत:च ठरवून दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी जेमतेम एकतृतीयांश, म्हणजे ३३.७ टक्के स्त्रियांनाच खरोखर फक्त बुरशीसंसर्ग होता. उरलेल्यांना जिवाणूजन्य असंतुलन, ट्रायकोमोनास, एकापेक्षा अधिक संसर्ग किंवा भलतेच काही होते. काहींना तर कोणताच संसर्ग नव्हता.

जिवाणूजन्य असंतुलनात म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये स्राव पातळ, राखाडी आणि मासळीसारख्या वासाचा असतो. ट्रायकोमोनास हा शरीरसंबंधातून पसरणारा परजीवी. त्यात स्राव पिवळट-हिरवा, कधी फेसाळ असतो. सॅनिटरी पॅड, साबण, केस काढण्याचे क्रीम यांची ॲलर्जी आणि ‘लायकेन स्क्लेरोसस’सारखे त्वचारोगही नेमकी अशीच खाज आणतात. या सर्वांवर बुरशीची गोळी निरुपयोगी ठरते. तरीही चार-पाच दिवसांनी त्रास आपसूक कमी झाला, तर श्रेय गोळीला मिळते आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच आणली जाते.

तपासणी कशी होते?

तपासणी सोपी असते. स्त्रीरोगतज्ज्ञ कापसाच्या बोळ्याने स्रावाचा नमुना घेतात. त्याची आम्लता कागदी पट्टीवर पाहतात. बुरशीसंसर्गात पीएच सहसा ४.५ पेक्षा कमी म्हणजे सामान्यच राहतो. जिवाणूजन्य असंतुलनात तो वाढतो. नमुन्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे १० टक्के द्रावण टाकून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बुरशीच्या पेशी आणि तंतू दिसतात. यासाठी काही मिनिटे पुरतात.

मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दर वेळी बुरशी सापडेलच असे नाही. म्हणून वारंवार त्रास असणाऱ्यांसाठी ‘फंगल कल्चर’ आवश्यक ठरते. त्यात नमुन्यातील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिची प्रजाती ओळखली जाते. गरजेनुसार कोणते औषध लागू पडेल हेही पाहिले जाते. १० ते २० टक्के वारंवार रुग्णांमध्ये कॅन्डिडा ग्लॅब्राटासारख्या वेगळ्या प्रजाती सापडतात आणि त्यांच्यावर नेहमीची औषधे कमी चालतात. तपासणी औषध सुरू करण्यापूर्वी आणि लक्षणे असतानाच करावी. दोन दिवस मलम लावून मग दवाखाना गाठला, तर अहवाल फसवा येऊ शकतो.

उपचार कसे असतात?

साध्या, क्वचित होणाऱ्या संसर्गासाठी फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी किंवा क्लोट्रिमाझोलसारखे योनीमार्गात वापरायचे मलम अथवा गोळ्या पुरेशा असतात. उपचार पूर्ण करणाऱ्या ८० ते ९० टक्के स्त्रियांना आराम पडतो.

वारंवार होणाऱ्या संसर्गात मात्र उपचार दोन टप्प्यांत होतात. पहिला टप्पा बुरशी आटोक्यात आणण्याचा. यात ७ ते १४ दिवस मलम अथवा योनीमार्गातील गोळ्या किंवा फ्लुकोनाझोलच्या तीन गोळ्या, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. दुसरा टप्पा तिला डोके वर काढू न देण्याचा. यात आठवड्यातून एकदा फ्लुकोनाझोल, सलग सहा महिने. बहुतेक स्त्रिया पहिल्या टप्प्याच्याही पहिल्या गोळीवर थांबतात आणि आजार ‘परत आला’ असे म्हणतात. प्रत्यक्षात तो गेलेलाच नसतो.

सहा महिन्यांच्या उपचारांचा आधार २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८७ स्त्रियांच्या चाचणीत आहे. आठवड्याला एक गोळी घेणाऱ्यांपैकी ९०.८ टक्के स्त्रिया सहा महिन्यांअखेर आजारमुक्त होत्या. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३५.९ टक्के होते. गोळी बंद केल्यावर चित्र बदलले. वर्षाअखेर पहिल्या गटात ४२.९ टक्के, तर दुसऱ्या गटात २१.९ टक्के स्त्रिया आजारमुक्त राहिल्या.

म्हणजे हा उपचार आजार दाबून ठेवण्यात प्रभावी आहे. कायमचा बरा करण्याची हमी मात्र तो देत नाही. अर्ध्याहून अधिक स्त्रियांना पुढे पुन्हा त्रास होऊ शकतो आणि पुन्हा उपचार घ्यावे लागू शकतात. हे आधीच समजले, तर सातव्या महिन्यात निराशा येत नाही आणि ‘डॉक्टर बदलून पाहू’ या फेऱ्यातून सुटका होते.

फ्लुकोनाझोल सर्वांसाठी सुरक्षित आहे का?

बहुतेकींना ते चांगले सोसते. तरीही मळमळ, डोकेदुखी, पोटदुखी आणि क्वचित यकृतावर परिणाम होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचा मुद्दा इतर औषधांबरोबरच्या संयोगाचा आहे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन, कोलेस्टेरॉलची काही औषधे आणि ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या यांचा प्रभाव फ्लुकोनाझोलमुळे वाढू शकतो. मधुमेही स्त्रीने दुकानातून परस्पर गोळी आणून घेतली, तर साखर अचानक खाली जाण्याचा धोका असतो.

गर्भवतींनी ही गोळी पोटात घेऊ नये. त्यांच्यासाठी सात दिवसांचे मलम किंवा योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, हाच शिफारस केलेला मार्ग आहे. डेन्मार्कमधील नोंदींवर आधारित आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात गर्भारपणात पोटात घेतलेल्या फ्लुकोनाझोलचा गर्भपाताच्या वाढलेल्या प्रमाणाशी संबंध दिसला होता. पाळी चुकली असेल, तर गोळी घेण्यापूर्वी गर्भधारणेची चाचणी करणे शहाणपणाचे. योनीमार्गात वापरायच्या तेलयुक्त मलमांमुळे लॅटेक्सचा निरोध कमकुवत होतो, हेही लक्षात ठेवावे.

औषध लागूच पडत नसेल तर?

बुरशीही औषधाला सरावते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली प्राधान्य यादी जाहीर केली. तिच्यात कॅन्डिडा अल्बिकन्सचा समावेश सर्वोच्च म्हणजे ‘अतिगंभीर’ गटात, तर ग्लॅब्राटाचा त्याखालच्या गटात आहे. या यादीमागची मुख्य चिंता रक्तात शिरणाऱ्या जीवघेण्या संसर्गांची आहे. योनीमार्गातील संसर्ग जीवघेणा नसतो. पण अर्धवट, चुकीच्या मात्रेत आणि निदानाविना घेतलेली औषधे बुरशीला सरावाची संधी देतात, हे दोन्हीकडे सारखेच लागू होते.

ग्लॅब्राटासारख्या प्रजातींसाठी बोरिक आम्लाच्या ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल तीन आठवडे रोज योनीमार्गात ठेवण्याचा उपचार आहे. सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये तो यशस्वी होतो. मात्र बोरिक आम्ल पोटात गेले तर विषारी असते आणि गर्भवतींसाठी वर्ज्य आहे. कॅरमची पावडर म्हणून ते घरात असते, म्हणून स्वत: प्रयोग करणे घातक ठरेल. अमेरिकेत इब्रेक्सफंगर्प आणि ओटेसेकोनाझोल या दोन नव्या औषधांना २०२२ मध्ये वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी मान्यता मिळाली. मात्र दोन्ही औषधे गर्भासाठी धोकादायक मानली जातात. ओटेसेकोनाझोल तर गर्भधारणेची शक्यता नसलेल्या स्त्रियांपुरतेच मर्यादित ठेवण्यात आले आहे. ज्या वयात हा आजार सर्वाधिक छळतो, त्याच वयातील स्त्रियांना त्याचा उपयोग नाही.

जोडीदारालाही औषध द्यावे का?

बुरशीसंसर्गाची गणना लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांत होत नाही. शरीरसंबंध कधीही न आलेल्या मुलींनाही तो होतो. त्यामुळे तो झाला म्हणून पती-पत्नीने एकमेकांवर संशय घेण्याचे काहीच कारण नाही. जोडीदाराला सरसकट औषध देण्याचीही शिफारस नाही. त्याला खाज, लाली अशी लक्षणे असतील तरच मलम दिले जाते.

जिवाणूजन्य असंतुलनाची गोष्ट वेगळी आहे. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत पुरुष जोडीदारावरही उपचार केल्यास ते असंतुलन परतण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले. म्हणजेच दोन आजारांत जोडीदाराबाबतचा सल्लाही बदलतो. निदान आधी का हवे, याचे हे आणखी एक कारण.

दही, लसूण, ‘इंटिमेट वॉश’ यांचा उपयोग होतो?

दही खाणे आरोग्याला चांगले. पण ते खाल्ल्याने किंवा योनीमार्गात लावल्याने हा संसर्ग बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत प्रतिजैविकांबरोबर लॅक्टोबॅसिलस दिल्याने बुरशीसंसर्ग टळत नसल्याचे दिसले. लसणाची पाकळी, कडुनिंबाचा रस, तुरटीचे पाणी किंवा व्हिनेगर आत वापरल्याने नाजूक अस्तर भाजू शकते.

योनीमार्ग स्वत:ची स्वच्छता स्वत: करतो. आत पाण्याचा फवारा मारणे, सुगंधी वॉश, परफ्यूम असलेले पॅड यांची गरज नाही. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे. सुती अंतर्वस्त्रे वापरणे, व्यायामानंतर किंवा पावसात भिजल्यावर ओले कपडे लगेच बदलणे, पॅड वेळेवर बदलणे या सवयी चांगल्या आहेत. त्यांनी चिडलेल्या त्वचेला आराम मिळतो. पण एवढ्यानेच वारंवार होणारा आजार थांबेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

स्त्रिया डॉक्टरांकडे उशिरा का जातात?

याचे उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दिले आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेले सर्वेक्षण १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी कधीतरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण होते अवघे ८ टक्के. आजार घरोघरी होता. तो सांगायला जागा नव्हती.

आज औषध दुकान कोपऱ्यावर आले, फोनवर माहिती आली. पण संकोच फारसा हटलेला नाही. ‘अंगावरून जाते’ एवढेच सांगितले जाते आणि दुकानदारही तेवढ्यावर गोळी देतो. पांढरे जाण्याने हाडे झिजतात, अंगातली ताकद जाते, हा समज अजून कायम आहे. पाळीच्या चक्रानुसार थोडा पांढरट, बिनवासाचा, खाज नसलेला स्राव होणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे आणि त्यासाठी औषध लागत नाही, हेही मोकळेपणाने सांगितले जात नाही.

सरकारी यंत्रणेत यासाठी सोय आहे. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये अशा तक्रारींवर मोफत उपचार मिळतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात योनीमार्गातील स्रावासाठी हिरव्या रंगाचे किट दिले जाते. त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल ही दोन औषधे असतात. म्हणजे परजीवी, जिवाणू आणि बुरशी या तिन्हींवर एकाच वेळी उपाय. प्रयोगशाळा हाताशी नसेल तिथे लक्षणांवरून तातडीने उपचार करण्यासाठी ही पद्धत उपयोगी आहे. मात्र वर्षात तिसऱ्यांदा तेच किट घ्यावे लागत असेल, तर कल्चरची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवण्याची मागणी रुग्णाने स्वत: करायला हवी.

तपासणी कधी टाळू नये?

पहिल्यांदाच लक्षणे दिसली असतील, गर्भारपण असेल, मधुमेह असेल, औषध पूर्ण करूनही आराम नसेल किंवा दोन महिन्यांच्या आत त्रास परतला असेल, तर दुकानाऐवजी दवाखाना गाठावा. ताप, ओटीपोटात दुखणे, दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव, शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्त दिसणे ही बुरशीची लक्षणे नाहीत. त्यामागे गर्भाशयाचा दाह किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोगही असू शकतो आणि तिथे गमावलेले महिने महागात पडतात.

डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. नमुना तपासून कोणती बुरशी आहे ते पाहिले का? साखर तपासायची का? आणि सहा महिन्यांचे उपचार माझ्यासाठी योग्य आहेत का? ज्या स्त्रीला वर्षभरात चौथ्यांदा तीच गोळी मिळते आहे, तिला पाचव्या गोळीपेक्षा या तीन प्रश्नांच्या उत्तरांची अधिक गरज आहे.